दोन केबली आणि भाचीचं लग्न

नव्वदच्या दशकात देवासच्या आमच्या कारखान्यात एकच सर्व्हर होता आणि त्याला एकच केबल. ती सैल झाली की बिलं, गेटपास, पगारपत्रकं सगळं थांबायचं आणि मला घरून बोलावून घ्यायचे. त्यामुळे मी गाव सोडून फारसा हलत नसे. ताई धारला दिलेली. इंदूरला बस बदलली की अर्ध्या दिवसात पोचावं इतकं जवळ. तरी तिच्याकडची बारशी-मुंजी मी फोनवरच साजरी केली.

पुढे, दोन हजार सालानंतर, दोन सर्व्हर आले. एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं. प्रत्येकाला दोन केबली, दोन वेगळ्या स्विचांकडे, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्यांकडे, गेलेल्या. एक चालू, दुसरी राखीव. चालू केबल गेली हे सर्व्हरने स्वतः ओळखून राखीव केबल धरावी, एवढी जुळणी करायचं काम माझ्याकडे होतं.

त्याच हिवाळ्यात भाचीचं लग्न ठरलं. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं, आणि मामा मी एकटाच. ताईने फोनवर सुनावलं, "तुझ्या मशिनींना दुसरं माणूस मिळेल. मी दुसरा मामा कुठून आणू?"

रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, केबल काढून दाखवा. काम थांबलं नाही तर जा. मी चालू केबल ओढली. शेजारी ऑपरेटर बिल काढत होता, ते न अडखळता छापून आलं. मी लगेच यादीला बसलो: आहेर, इस्त्रीचा कोट, मोत्यांच्या मुंडावळ्या, विहीणबाईंसाठी धारकडच्या बाग गावच्या छापाची साडी, आणि शेवटी परतीची बस.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात भर कामाच्या वेळी सगळं ठप्प झालं. जाऊन पाहतो तर केबलीचा हिरवा दिवा मजेत लुकलुकतोय. पलीकडचा स्विच जागा होता, पण अडकलेला. त्याच्यापुढे काहीच जात नव्हतं. सर्व्हर मात्र दिवा पाहून समाधानी होता.

ऑपरेटर माळव्याचा, बरीच वर्षं माझ्या शेजारी बसणारा. तो म्हणाला, "भिया, तुम भी तो यही करते हो. बाहर जाते हो तो बरामदे की बत्ती जलती छोड़ जाते हो."

खरंच होतं. चोराला घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून आमच्या कॉलनीत सगळेच तसं करत. पण शेजारी दिव्यावर विसंबत नसत. ते फाटकातून हाक मारत आणि कोणी ओ देतंय का ते बघत.

साहेबांनी रजा रद्द केली नाही. अर्ज टेबलावर उलटा ठेवला. मी जुळणी बदलली. आता सर्व्हरने दिवा बघायचा नाही. स्विचच्या पलीकडच्या एका ठरलेल्या मशिनीला सारखी हाक मारायची. ओ आली नाही की दुसरी केबल. हाक कुणाला मारायची यावर आमच्या विभागाचं चटकन एकमत झालं: हिशेबखात्यातल्या काकांच्या कॉम्प्युटरला. काका सगळ्यांच्या आधी येत आणि शेवटी जात.

फक्त जेवायच्या सुट्टीत वीज वाचवायला ते कॉम्प्युटर बंद करत आणि वर काकूंनी विणलेलं झाकण घालत. दुपारी ओ आली नाही. दुसऱ्या केबलीवरूनही नाही. दोन्ही सर्व्हरांनी आपापल्या परीने स्वतःला आजारी ठरवून काम सोडलं आणि काकांचा डबा संपेपर्यंत कारखाना बसून राहिला.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते हात पुसत म्हणाले, "हा कारखाना माझ्यामुळे चालतो, हे मी कधीचं सांगतोय."

मग मी दोन ठिकाणं नेमली: मुख्य स्विच आणि फाटकावरचं हजेरीचं मशीन. तिन्ही पाळ्या चालतात, ते कधीच बंद नसतं. दोघांपैकी एकाने ओ दिली तरी पुरे. या वेळी परीक्षेला सर्व्हरच्या केबलीला हातच लावला नाही. लांबच्या स्विचमागची तार उपटली. दिवा तसाच हिरवा राहिला, पण सर्व्हर फसला नाही. बिल छापून आलं. साहेबांनी अर्ज सुलटा केला.

धारला मंगल कार्यालयाच्या दारातच ताईने माझा मोबाइल काढून घेतला आणि रुखवताच्या ताटामागे ठेवला. भाचीचा हात धरून मी तिला बोहल्यावर आणलं. ती हळूच म्हणाली, "मामा, जरा सावकाश चाला ना. इथे काय तुम्हाला बस गाठायची आहे?"

पंगत उठल्यावर मोबाइल परत मिळाला. कारखान्यातून एकही फोन आलेला नव्हता. मला ते बरं लक्षण वाटेना, म्हणून मीच लावला. ऑपरेटरने नोंदी पाहून सांगितलं की सकाळी तोच स्विच पुन्हा अडकला होता. सर्व्हर आपणहून दुसऱ्या केबलीवर गेला, कुणाला पत्ताही लागला नाही. वर म्हणाला, "साहब अभी तुमको ढूँढ रहे थे भिया. छुट्टी पे हो, ये किसी को याद ही नहीं."

ताई मागे उभी राहून ऐकत होती. "म्हणजे तिकडे तुझ्यावाचून अडत नाही," ती म्हणाली. "मग उद्या व्याह्यांना मांडूचा किल्ला दाखवायला तूच जा."

मी खिशातून यादी काढली आणि परतीची बस खोडली.