तेवीस खुणांची मोटरसायकल

मोजणीकाकांना ‘साधारण’ हा शब्द सहन होत नसे. बाजार किती लांब आहे असं एखाद्या पाहुण्याने विचारलं, तर ते आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग सांगत, “माझी अठराशे चाळीस पावलं. तुमची दोन हजार होतील, चपला नव्या आहेत.” कुणी म्हणालं, “अंदाजे सांगा हो,” की कपाळाला आठी. “अंदाज पावसाचा करतात. तोही चुकतो.” सरकारी मोजणी खात्यात त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. साखळी, टेप आणि दोन भावांमधलं भांडण बरोबर घेऊन जिल्ह्यातले कातळ नि डोंगर तुडवले होते. त्यांचं खरं नाव आमच्या आळीत फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे आणि तो माझ्या बाजूला दोन बोटं सरकलेला आहे, हे त्यांनीच मला मोजून दाखवलं होतं. “हवं तर अर्ज कर माझ्यावर,” असंही वर म्हणाले होते. मी अर्ज केला नाही. त्याबदल्यात त्यांच्या फणसाचे गरे वर्षानुवर्षं खाल्ले.

निवृत्त झाल्यावर माणसं झोपाळा घेतात, फार तर दहा कलमं लावतात. काकांनी ॲडव्हेंचर मोटरसायकल घेतली. उंच, जाड टायरांची, कातळावरून नि दगडधोंड्यांतून जाणारी. आळीतली पोरं तिला विमान म्हणत. “चढायला शिडी मिळते काय बरोबर?” काकूंनी विचारलं होतं. पहिल्याच रविवारी त्याच काकू मागे बसून पालीला जाऊन भजी खाऊन आल्या आणि शिडीचा विषय संपला.

कंपनीने दिलेली गाडी काकांना अर्थातच पुरेशी वाटली नाही. कंपनीने ती कुठल्यातरी सरासरी माणसासाठी बनवलेली, आणि सरासरी माणूस हा काकांच्या मते साधारण या शब्दाचा सख्खा भाऊ. मग सामान येऊ लागलं. हँडल दीड इंच वर उचलणारे ठोकळे आले, इंजिनाखाली जाड पत्रा आला, पडल्यावर गाडी वाचवणारे क्रॅश गार्ड आले, धुक्याचे दिवे आले, उंच काच आली. सीट काकूंच्या गुडघ्यांच्या मापाने पुन्हा भरून घेतली. दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या पालीच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवल्या, प्रत्येकीत पेंढ्यासकट बरोबर दोन डझन हापूस बसतील अशा. त्या भरून ते दर मोसमात घाट चढून कोल्हापूरच्या जुन्या साहेबांना आंबे देऊन येत. काढलेलं मूळ सामान गोणपाटात बांधून माळ्यावर, प्रत्येक तुकड्याला सुतळी आणि चिठ्ठी.

पेट्यांसकट गाडीची रुंदी अडतीस इंच. त्यांच्या फाटकाची अठ्ठेचाळीस. म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच. सात वर्षं ते त्या फाटकातून ब्रेकला बोटही न लावता आत यायचे आणि मी माझ्या ओट्यावरून दर वेळी श्वास धरून बघायची.

मग एका आठवड्यात डावी पेटी खांबाला दोनदा आपटली. दुसरा कुणी असता तर खांबाला, नाहीतर बायकोला चार शब्द ऐकवून मोकळा झाला असता. काकांनी टेप काढली. फाटक मोजलं, पेटी मोजली, हँडल सरळ आहे का ते दोरी धरून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी मला हाक मारली. “ये गो जरा. आता एकच वस्तू मोजायची राहिली.”

पडवीत खुर्ची मांडून ते समोरच्या खिळ्याकडे बघत बसले. मी लाल पेन्सिल हातभर अंतरावरून, कानाच्या मागून हळूहळू पुढे आणायची, ती दिसली की त्यांनी “हां” म्हणायचं आणि मी जमिनीवर खडूने खूण करायची. आधी उजवीकडून, मग डावीकडून. उजव्या बाजूचा पहिला “हां” बऱ्याच उशिराने आला. डाव्या बाजूला पेन्सिल पार गालाच्या पुढे आली तरी ते गप्पच. मला वाटलं, मस्करी करताहेत. मग “हां” आला. त्यांनी उठून खुणांवर सुतळी ताणली, बराच वेळ वाकून बघितलं आणि म्हणाले, “माझी हद्द एवढीच राहिली तर.”

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डॉक्टरांनी मशीन लावून काढलेला नजरेचा नकाशा आणि काकांचा खडूचा नकाशा यांत फारसा फरक नव्हता, आणि त्या भयंकर दिवशीही काकांना याचा अभिमान वाटला हे मी पाहिलं. “समोरचं दिसतंय तेवढं टिकवू, असं सांगितलंन डॉक्टरने. थेंब चुकवायचे नाहीत. नि गाडी बंद.” घरी येताना ते रिक्षात मधोमध बसले होते.

दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली माझ्या हातात. “विकेपर्यंत तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.”

“काकूंकडे का नाही?”

“तिला मी चाळीस वर्षं पटवत आलोय. ती देईल.” मग म्हणाले, “गाडी दारात आहे तोवर मी तिच्यावर बसणार गो. मी मला ओळखतो. आणि एक दिवस डावीकडून कोणाचंतरी पोर येईल. म्हणून ती जायला हवी.”

जाहिरात मी मोबाईलवर टाकली. फोटो मी काढले, मजकूर त्यांचा. लोक लिहितात, एकदम चकाचक, एका हाती वापरलेली, बघताच घ्याल. काकांनी गाडीचा नकाशा काढला. डावी बाजू, उजवी बाजू, पुढून, मागून, स्केलप्रमाणे. त्यावर प्रत्येक ओरखड्याला आकडा. एकूण तेवीस खुणा, आणि बाजूला एकेकीची हकीकत: कुठे, कधी, चूक कोणाची. बहुतेक ठिकाणी ‘माझी’ असं लिहिलेलं. एका ठिकाणी ‘म्हशीची’.

गिऱ्हाइकं येत होती. बाहेरून बसवलेल्या सामानाची गंमत अशी की मालक त्यात जीव ओततो आणि घेणारा म्हणतो, ते सगळं काढून घ्या नि किंमत उतरवा. एका दलालाने तर पेट्या वेगळ्या विका, दिवे वेगळे विका, असा व्यवस्थित सल्ला दिला. “घर विकताना दरवाजे काढून नेतात काय?” काकांनी विचारलं. तरीही दोघे-तिघे तयार झाले होते. पण घेणारा शेवटी एक प्रश्न विचारतोच: का विकताय? आणि काका सांगायचे, “मला कडेचं दिसत नाही. फाटकाला दोनदा आपटलीय.” समोरच्याचा चेहरा बदलायचा. ॲक्सिडेंटची गाडी, असं म्हणत माणसं चहा अर्धा ठेवून जायची.

मी वैतागले. चौथं गिऱ्हाईक गेल्यावर स्पष्टच म्हणाले, “काका, पालीला नेऊन पेटीचा पोचा काढून घेऊ. तासाचं काम. आणि मुलगी बोलावते म्हणून विकतो, असं सांगा. खोटंही नाही, बोलावतेच आहे ती खेडला.”

ते रागावले नाहीत. “रात्रीतून हद्दीचा दगड हलवणारी माणसं मी पाहिलीत,” ते म्हणाले. “चांगली असतात गो. देवळात जातात, कीर्तनाला पुढे बसतात. हातभरच तर हलवलाय, म्हणतात.” त्यानंतर मी पोच्याचा विषय काढला नाही.

गणपती होऊन गेले, आभाळ उघडलं, रस्ते वाळले. अशाच एका सकाळी ते माझ्या दारात उभे. अंगात जाकीट. “किल्ली दे. बॅटरी उतरेल.”

“मी येते, सुरू करते.”

“नुसती सुरू करून काय होतं? पालीपर्यंत जाऊन येतो. रस्ता सरळ आहे.”

“नाही, काका.”

“तुझ्या जन्माआधीपासून हिंडतोय मी या रस्त्यांवर!” आवाज एवढा चढला की काकू पडवीत आल्या. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिले. ते वळले आणि निघून गेले. मग चार दिवस अबोला. गडग्यापलीकडून त्यांचं खोकणं तेवढं ऐकू यायचं आणि मला वाटायचं, आपण कोण एवढ्या शहाण्या लागून गेलो?

पाचव्या दिवशी आले आणि माझ्या टेबलावर एक किल्ली ठेवली. मी गोंधळले. त्यांची किल्ली तर माझ्या कपाटात होती.

“ही दुसरी,” ते म्हणाले. “गाडीबरोबर दोन येतात. ही माझ्याच खिशात होती.”

चार महिने खिशात किल्ली घेऊन हा माणूस त्या गाडीशेजारून रोज चार वेळा गेला होता. त्या दिवशी एवढं भांडूनसुद्धा ती काढली नव्हती. “आता भरवसा वाटेना,” एवढंच बोलले आणि चहा मागितला.

दिवाळीनंतर राजापूरहून एक मुलगी आली. गुरांची डॉक्टर. वाडी-वाडीत फिरायचं, कुठे डांबर, कुठे नुसता कातळ, तिची स्कूटर पार खिळखिळी झाली होती. उंचीने माझ्याहून कमी. तिने गाडीभोवती चक्कर मारली नाही की हॉर्न वाजवला नाही. आधी नकाशा हातात घेऊन ओट्यावर बसली आणि एकेक आकडा गाडीवर जाऊन बघून आली. काका खुर्चीत ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. म्हशीपाशी ती हसली. मग विचारलं, “काका, सतरा नंबरला एकाच जागी दोन खुणा कशा?”

काकांनी सांगितलं. फाटक, टेप, पेन्सिल, डॉक्टर, सगळं.

तिने नकाशावर सतरा आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे गाडी सरळच होती.”

“गाडी सरळच होती,” काका म्हणाले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी.

“मग मी घेते.”

“घ्याल हो. पाय कुठे पोचतायत तुमचे?” काका लगेच पूर्वपदावर. टेप बाहेर, तिची मापं घेणं सुरू. सात वर्षं जी गाडी त्यांनी इंचाइंचाने स्वतःची करून घेतली होती, ती दोन दिवस बसून त्यांनी तिची करून दिली. माळ्यावरची गोणपाटं खाली आली. हँडलचे ठोकळे निघाले, मूळची सीट तासून बसली, मागचा शॉकॲब्सॉर्बर खाली घेऊन गाडी बुटकी केली. पेटीत आंब्यांऐवजी औषधांच्या बाटल्या बसाव्यात म्हणून लाकडी खण केले. स्क्रू दिसला नाही की बोटांनी चाचपायचे, पण मदत घेतली नाही. शेवटी नकाशाखाली रीतसर सह्या: देणार, घेणार, आणि पंच म्हणून काकू आणि मी.

काका आता खेडला लेकीकडे असतात. फोनवर माझं बोलणं अजून तपासतात. माझ्याकडून मात्र आता कुणाला काही विकताना दोष आधी सांगितला जातो. जुना फ्रिज दिला तेव्हा त्याच्या दाराबद्दल मी इतकं बोलले की घेणारी बाई म्हणाली, “तुम्हाला द्यायचाय ना नक्की?”

गाडी गेली तो दिवस मात्र सांगायला हवा. कागद तिच्या नावावर झाले होते. मी दोन्ही किल्ल्या तिला दिल्या. तिने हेल्मेट चढवलं, काढलं, आणि एक किल्ली काकांपुढे धरली. “काका, शेवटची एक चक्कर मारून या ना. मी थांबते.” काकूंनी तोंड फिरवलं. मलाही वाटलं, जाऊ दे, आळीच्या टोकापर्यंत, सकाळची वेळ, रस्ता रिकामा. मी म्हणालेसुद्धा, “जा काका.”

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. “तुम्ही द्याल. तुम्ही चांगल्या आहात सगळ्या,” ते म्हणाले. “पण माझं मोजून झालंय.”

आणि ते चालत रस्त्यावर गेले. मान आधी पूर्ण डावीकडे वळवली, मग पूर्ण उजवीकडे. वरून एक रिक्षा येत होती, तिला हात करून थांबवलं आणि मुलीला म्हणाले, “या.” ती हळूच बाहेर आली, आमच्याकडे बघून मान हलवली आणि उताराला लागली.

मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. “दिसतेय?”

“सरळ जाणारं दिसतं मला अजून. बोलू नको.”

उतार लांबलचक आहे तो. गाडी लहान होत गेली आणि ते पापणी न हलवता बघत राहिले. खाली ती वळली आणि दिसेनाशी झाली.

“इंडिकेटर दिलंन काय गो?”

“दिला. बराच आधी.”

“बरं.”

त्यांचा हात अजून तसाच वर होता. रिक्षावाला थांबून होता, त्याने हॉर्न वाजवला नाही. मी तो हात धरून खाली आणला, आणि मग मला तो सोडवेना.