न फुगलेला हात

नात जन्मली त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी चप्पल सोडली. लग्नानंतर बरीच वर्षं मला मूल नव्हतं, म्हणून त्यांनी अंबाबाईला परस्पर बोलून ठेवलं होतं, नातवंड झालं तर ते शाळेत जाईपर्यंत मी अनवाणी राहीन. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी भांडले असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आमचं घर कागलजवळच्या गावात. मी एमआयडीसीतल्या कारखान्याच्या ऑफिसात, नवरा तिथंच मशीनवर, आणि पोरगी दिवसभर आजीच्या मागं. उसाला पाणी पाजायचं असलं की दोघी रानात जायच्या. आजी अनवाणी चिखलात उतरायची, म्हणून हिच्याही चपला बांधावर. मी ओरडायचे ते काटा मोडेल म्हणून. चिखलातून जंत शिरतात हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

मग सासूबाईंना खोकला लागला, अंग उतरलं, संध्याकाळी ताप यायला लागला. शहरात, राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांना टीबीची शंका आली. छातीचा फोटो धूसर आला, तपासायला बेडका नीट निघेना. हाताच्या कातडीत सुई टोचून त्या म्हणाल्या, "इथं फुगलं तर टीबीची शक्यता वाढते. दोन दिवसांनी दाखवायला या." हात जरासुद्धा फुगला नाही. आम्ही दाखवायला गेलोच नाही. टीबी नाही असं नवऱ्यानं घरीच जाहीर केलं आणि पेढे आणले. पोरगी पुन्हा आजीच्या कुशीत झोपायला लागली.

खोकला मात्र राहिला. वर चेहरा पांढराफटक पडला, चार पावलं चालल्या की धाप. पुन्हा राजारामपुरी. रक्त कमी निघालं, आणि शौचाच्या तपासणीत हूकवर्म. रानातल्या मातीतून, तळपायाच्या कातडीतून शिरणारे जंत.

"आणि हात बघून टीबी नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?" डॉक्टरबाई चिडल्या. मग जरा शांत होऊन त्यांनी समजावलं. हे जंत आतड्यात वर्षानुवर्षं राहतात. शरीरानं आपल्याला हाकलू नये म्हणून ते त्याचा प्रतिकार थंड ठेवतात. त्या नादात दुसऱ्या रोगाविरुद्धचा प्रतिकारही मंदावू शकतो. हात फुगणं म्हणजे प्रतिकारच, तेव्हा आत टीबी असूनही हात गप्प राहू शकतो.

"म्हणजे जंतांमुळंच फुगला नाही?"

"असेल. वयामुळंही असेल, अशक्तपणामुळंही. नक्की सांगता येत नाही."

माझं डोकं तापलं. फुगला तर वाईट, नाही फुगला तर तेही वाईट असू शकतं, आणि का ते नक्की नाही! मग टोचायचं तरी कशाला? सासूबाई मध्येच म्हणाल्या, "जंत काय, सगळ्यास्नीच असत्यात की." त्यांचा मला राग आला, डॉक्टरांचा आला, अंबाबाईचासुद्धा आला.

या वेळी बेडका निघाला आणि त्यात टीबी सापडला.

सासूबाईंच्या गोळ्या सुरू झाल्या, अंथरूण बाहेरच्या सोप्यात गेलं. चप्पल मात्र त्या घालेनात. "पोरीच्या नावानं बोललेय, मोडलं आन् तिलाच काय झालं तर?" मी त्यांच्या जागी असते तर घातली असती का, हेही आता सांगता येत नाही.

मग तपासायला पोरीचा नंबर लागला. तिचा छातीचा फोटो स्वच्छ होता. इवल्याशा हाताला सुई टोचली आणि या वेळी आम्ही सांगितल्या दिवशी गेलो. हात सपाट. डॉक्टरबाईंनी बोट फिरवून पाहिलं, जंतांचं औषध दिलं आणि वय लहान म्हणून टीबी होऊ नये यासाठीचं औषधही सुरू केलं. "चांगलंच आहे," म्हणाल्या. "पण लक्ष ठेवा."

घरी आले. सासूबाई तोंडाला पदर लावून सोप्यात बसल्या होत्या. पोरगी त्यांच्याकडे झेपावत होती, मी तिला घट्ट धरून ठेवलं होतं.

"पोरीचा हात फुगला न्हाय न्हवं?"

"न्हाय, आत्ती."

त्यांनी तिथूनच हात जोडले. मी पोरीचा हात उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत होते. फुगायला नको होता, आणि फुगला नाही; पण तीही आजीसोबत अनवाणीच चिखलात उतरली होती.

"मग रडतीस कशाला गं?" सासूबाईंनी विचारलं.