अडीच मुशी लांबीची बस

“बस अडीच मुशी लांब हाय म्हणं! म्हाताऱ्यानं मुशी कधी बघितली तरी हाय का?”

कसबा बावड्याच्या स्टॉपवर आमचा दूधवाला माझ्यामागे उभा राहून मित्राला सांगत होता. मी पुस्तकातून मान वर केली नाही. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते आमच्या शेजारचे अज्जा तिथेच पुढे उभे होते आणि येणारी बस नजरेनं मोजत होते.

घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा आमच्या गावात मुशीवर अधिकारानं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्यानं जन्मात एकही मासा खाल्लेला नव्हता. अज्जा मूळचे नेसरीकडचे, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. तरुणपणी ट्रकमधून बर्फ घेऊन कोकणात उतरले ते एका व्यापाऱ्याच्या वखारीत मुश्या खारवायच्या कामावर देखरेख करत वीस वर्षं तिथंच राहिले. रोज आंघोळ, पूजा, घरून नेलेल्या पिठाची भाकरी, आणि मग दिवसभर माणसाहून मोठ्या माशांचे ढीग. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मुशी म्हणजेच शार्क, हे मला अज्जांकडूनच कळलं.

कोकण सुटलं तरी अज्जांचं माप सुटलं नाही. आमचं फाटक अर्धी मुशी, उसाची ट्रॉली दीड मुशी. कुठल्याही वस्तूवर ते आधी सुलट आणि मग उलट हात फिरवून बघत. “मुशीच्या डोस्क्याकडनं शेपटाकडं हात फिरीव, रेशीम. उलटा फिरीव, कातडं सोलून निघंल.” नातीच्या लग्नाची साडी त्यांनी अशीच दोन्हीकडून चोळली तेव्हा दुकानदार वैतागला. “अज्जा, कापड हाय का मासा?” “कापडच हाय,” अज्जा तळहात दाखवत म्हणाले, “मासा असता तर रगात आलं असतं.”

संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून ते सांगायचे आणि मी काही न विचारता ऐकायची. आधी कोळी मुशी क्वचित धरायचे. काळजाचं तेल काढून होडीच्या लाकडाला चोळायचे. मग त्या तेलाची औषधं होऊ लागली. मग होड्यांना इंजिनं आली, नायलॉनची जाळी आली, आणि शेवटी फक्त पंख विकत घेणारे आले. परदेशात त्यांचं सूप करतात म्हणे. हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी वाळूवर ओढायला दहा माणसं लागायची, आणि ती ओढताना कुणी बोलायचं नाही. सांगताना अज्जांचाही आवाज खाली यायचा, मला आमच्या अंगणात ते प्रचंड अंग पडलेलं दिसायचं. पंखवाले आल्यावर पुढं काय झालं ते मात्र गोष्टीत कधी यायचं नाही. तिथं आलं की अज्जांना नेमकी शेताला पाणी पाजायची आठवण व्हायची.

त्या दिवशी बसस्टॉपवर दूधवाल्यानं शेवटी त्यांनाच गाठलं. “अज्जा, आयतवारी मासळी बाजारात चला. दावा की तुमची मुशी!”

घाटावर परतल्यापासून अज्जा मासळी बाजारात गेले नव्हते. रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून दारात आले. “अव्वा, तू शिकल्याली हाईस. साक्षीला चल.” अव्वा म्हणजे कानडीत आई, मला ते तसंच म्हणायचे.

बाजारात मुश्या होत्या. टोपलीत, बर्फावर, एकमेकींवर रचलेल्या, प्रत्येक हातभर. अज्जांनी दुसरी टोपली बघितली, तिसरी बघितली.

“मोठी दाव की.”

“ही मोठीच हाय, अज्जा,” विकणारा आदबीनं म्हणाला. “पंधरा वर्सं धंद्यात हाय मी. मुशी एवढीच असती.”

“मग आमची बस केवढी झाली वो?” दूधवाला ओरडला. “पंचवीस मुशी?” आजूबाजूचे सगळे हसले.

अज्जांनी एक उचलली. सुलट हात फिरवला, मग उलट. “पिल्लू हाय गं हे,” ते माझ्याकडे बघून पुटपुटले. ती त्यांनी हळूच परत बर्फावर ठेवली आणि स्वतःचा तळहात बघितला.

“असंल बाबा,” ते दूधवाल्याला म्हणाले. “म्हातारा झालो. माझंच माप चुकलं असंल.”

वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं हा माणूस चार लोकांच्या हसण्यापायी सोडून देत होता. मी मुशी पाहिलेली नव्हती. समुद्रसुद्धा शाळेच्या सहलीत एकदाच. वर्गात हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. विकणारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. मी त्याच्या टोपलीसमोर जाऊन उभी राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“अज्जांचं माप चुकलेलं नाही. मोठ्या आता उरल्या नाहीत.”