आत्याच्या पलंगाखालची पुस्तकं

माझी आत्या बोलायची कमी आणि इस्त्री फिरवायची जास्त. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, जाड कापड गुंडाळलेलं लांब टेबल, भिंतीला टेकलेले कपड्यांचे गठ्ठे आणि मागे पडद्याआड तिचा पलंग. गिऱ्हाइकाने "कधी देता?" असं विचारलं की ती नुसतं बोटाने उद्याच्या ढिगाकडे दाखवायची. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली त्याला आता जमाना झाला. का आली हे तिने सांगितलं नाही आणि आमच्या घरात तिला कुणी विचारलंही नाही. आमच्या घराची ती रीतच आहे, दुखतं तिथे बोट लावायचं नाही.

कुणाकडे काही मागणं तिला जमायचं नाही. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा प्यायची, पण शेजारी वाटी घेऊन जायची नाही. "मागितलं की माणूस लहान होतो," म्हणायची. अशा बाईच्या भावाने पुस्तक लिहावं, ही देवाची थट्टाच म्हणायची. कारण पुस्तक काढलं की मागावंच लागतं. वाचा हो, घ्या हो, कसं वाटलं ते सांगा हो.

तो भाऊ म्हणजे माझे बाबा. नोकरीभर त्यांनी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले. जिन्याखाली वाकून, कुत्र्यांची बोलणी खाऊन. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आई गेली. त्यानंतर बाबा भिंतीकडे तोंड करून जे झोपले, ते उठेचनात. जेवायचे नाहीत, दाढी करायचे नाहीत. मी खरोखर घाबरले होते. आई गेली तशी ही दुसरी भिंतही ढासळते की काय, असं रोज वाटायचं. मग एक दिवस ते उठले, टेबलाचं खिडकीपासून लांबचं टोक आत्याकडून मागून घेतलं आणि लिहायला बसले. मीटर वाचताना पाहिलेली घरं, त्या घरांतली माणसं. लिहिता लिहिता जेवायला लागले, कुरकुरायला लागले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मीठ कमी म्हणणारा माणूस जगतो, एवढं मला कळतं.

पुस्तक एका छोट्या छापखान्याच्या मालकाने काढलं. दुसरं पुस्तकही बाबांचं लिहून होत आलं होतं. मालक म्हणाला, "काका, हे जरा हललं, लोक बोलायला लागले, की दुसरं घेतो." बाबांनी हट्टाने शेवटच्या पानावर आपला फोन नंबर छापून घेतला. खाली लिहिलं, 'कसं वाटलं ते कळवा.'

आता लोकांचं सांगते, आणि माझं तोंड जरा सुटणार आहे, ते चालवून घ्या. "वा वा, पुस्तक काढलंत! आम्हाला एक द्या की." फुकट ते पौष्टिक. "सवड मिळाली की वाचतो हं." ह्यांना लग्नकार्यांना सवड, भांडायला सवड, खिडकीत उभं राहून दुसऱ्याच्या घरात डोकवायला सवड. एका नातेवाइकाने तर बाबांच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय, मग आता पुरस्कार कधी?" पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं त्याने. अरे बाबांनो, लिहिणाऱ्याला काय हवं असतं? विकत घ्या, वाचा, आणि एक खरं वाक्य बोला. आवडलं नाही तर तेही सांगा. एवढ्याने भागतं. पण एवढंच कुणाच्याने होत नाही.

पुस्तक चौकातल्या दुकानात ठेवलं होतं. बाबा रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहायचे, कुणी घेतंय का ते बघायला. आत जायची लाज वाटायची. कुणीच घ्यायचं नाही. घरी आले की जेवण ताटात तसंच राहायचं. पुन्हा मिठाबद्दल बोलेनासे झाले.

आणि मग एकाएकी पुस्तक खपायला लागलं. दुकानदारानेच बाबांना हाक मारून सांगितलं, "काका, मागवावं लागतंय पुन्हा." बाबा त्या दिवशी जवळजवळ पळत घरी आले. मला म्हणाले, "वाचतायत गं! कुणीतरी वाचतंय!" आत्या खाली मान घालून एका कॉलरवर पाणी शिंपडत होती. तिने वर पाहिलंही नाही.

त्या दिवसापासून बाबा फोनजवळ बसायला लागले. अंघोळीला जाताना मला बसवायचे, "वाजला तर म्हणावं, आत्ता येतात." फोन वाजायचाही. एकदा गॅसवाल्याचा, एकदा कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीचा. त्या मुलीला बाबांनी विचारलं, "पुस्तक वाचून फोन केलात का?" ती म्हणाली, "कुठलं पुस्तक सर?" मला तिथे उभं राहवलं नाही.

पुस्तकं जात होती, पण फोन येत नव्हता. आणि माणसाचं मन कसं चालतं बघा. खपत नव्हतं तेव्हा बाबांना निदान म्हणता येत होतं, कुणी वाचलं नाही, वाचलं असतं तर आवडलं असतं. आता तेही गेलं. "एवढ्या जणांनी घेतलं," ते एका दुपारी म्हणाले, "आणि एकालाही एक शब्द बोलावासा वाटला नाही. म्हणजे वाईटच आहे ते." मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "तू मुलगी आहेस माझी, तू चांगलंच म्हणणार." दुसऱ्या पुस्तकाचे कागद त्यांनी एका पोत्यात भरले, तोंड सुतळीने बांधलं आणि पोतं दाराशी नेऊन ठेवलं. रद्दीवाला आला की द्यायचं. मग ते आपल्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी पुढच्या खोलीत येऊन रडायला लागले. आत्याने इस्त्री उभी केली, पडद्याआड गेली आणि मला हाताने बोलावलं. पलंगावरची चादर वर केली. खाली बाबांची पुस्तकं होती. रांगेने, कडेला कड लावून, इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी नीट रचलेली.

"सगळी तू घेतलीस?"

तिने मान डोलावली. "कुणाला सांगू नका, म्हटलं होतं दुकानदाराला. तुझ्या बाबाला बरं वाटावं म्हणून घेत गेले गं. लोकांना घ्या म्हणायला तोंड उघडेना. म्हटलं, आपणच घ्यावीत."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. मी तिला नाही नाही ते बोलले. "तू बाबांना वर काढत होतीस की खड्ड्यात ढकलत होतीस? ही पुस्तकं दुकानात असती तर एखादा तरी वाचणारा भेटला असता!" ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मग आता लोकांपर्यंत पोचवू."

तिची पोचवायची पद्धत तिच्यासारखीच. मागायचं नाही, काही सांगायचं नाही. गिऱ्हाइकांच्या इस्त्रीच्या गठ्ठ्यात, शर्टांच्या मधोमध, एक एक पुस्तक सरकवायचं. कपडे काढताना हाती लागेल, उघडतील, वाचतील. मला ते बरोबर वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, आम्हाला हा गठ्ठ्यांचा.

पण आमची गिऱ्हाइकं पडली सज्जन. दुसऱ्याच दिवशी बँकेतले साहेब खिडकीशी आले. "मावशी, हे तुमचं पुस्तक चुकून आमच्या कपड्यांत आलं." मागोमाग शाळेच्या बाई. त्यांनी तर ते कागदात गुंडाळून आणलं होतं, मळू नये म्हणून. एकाच्या बायकोने विचारलं, "शर्ट कडक राहावेत म्हणून पुठ्ठा घालता ना, तो परत द्यायचा असतो का?" जो येईल तो पुस्तक परत करायचा, आणि वर "न उघडता आणलंय हं" असं अभिमानाने सांगायचा. आत्या प्रत्येकाकडून पुस्तक घ्यायची. "ठेवा तुमच्याकडे, वाचा," एवढे शब्द तिच्या ओठांपर्यंत येताना मला दिसायचे, आणि तिथेच मरायचे. पलंगाखालची रांग पुन्हा होती तशी भरली. मी खिडकी लावून घेतली. माणसाच्या प्रामाणिकपणाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

आत बाबांनी पाणी पिणंही कमी केलं होतं. डॉक्टर म्हणाले, शरीराला तसं काही झालेलं नाही, त्यांना बोलतं करा. कशावर बोलतं करू? उद्या रद्दीवाला यायचा होता.

आत्याने त्या दुपारी इस्त्री तापवलीच नाही. ती बाबांच्या पलंगापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पुस्तकं मी घेतली. सगळी. माझ्या पलंगाखाली आहेत."

 बाबा भिंतीलाच म्हणाले, "म्हणजे एकानेही वाचलं नाही."

"नाही."

"तू?"

आत्याने चादरीची एक सुरकुती हाताने सरळ केली. मलाही तेव्हाच उमगलं. ढीगभर पुस्तकं विकत घेणाऱ्या ह्या बाईने एकाचंही पान उलटलं नव्हतं. छापखान्याच्या मालकाने तिला मागेच सांगितलं होतं, शेवटची गोष्ट तुमच्यावर आहे म्हणून. तेव्हापासून ती पुस्तकाला हात लावायची तो फक्त रचायला.

"सख्ख्या बहिणीने वाचलं नाही," बाबा म्हणाले, "आणि मी परक्यांच्या फोनची वाट बघत बसलो." एवढं बोलून त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

आत्या पुढच्या खोलीत गेली ती एक पुस्तक घेऊन आली. स्टुलावर बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. अक्षरावर बोट ठेवून, अडखळत. रद्दीवाला आला तेव्हा मी त्याला खिडकीतूनच परत पाठवलं. पुढचे काही दिवस दुकान बंद राहिलं. दुपारी दुपारी ती वाचायची आणि चादरीखालून काही आवाज यायचा नाही. मधेच थांबून म्हणायची, "हा कुत्र्याला नावाने हाक मारणारा म्हातारा झकास आहे." किंवा, "ही बाई काही मला पटली नाही. मीटर दाखवायला कुणी एवढं नटून येतं?" एकदा मला वाटलं, चादर जरा हलली.

मग शेवटची गोष्ट आली. सासर सोडून आलेली बहीण दार वाजवते. भाऊ धावत जातो, दार उघडतो, तिच्या हातातली पिशवी घेतो आणि म्हणतो, 'ताई, आत ये, हे तुझंच घर आहे.' आत्या तिथे थांबली. बोट त्या ओळीवर तसंच राहिलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.



"दार तू उघडलं नाहीस. अण्णा म्हणाले, उघडायचं नाही. आणि तू उघडलं नाहीस. चांगला मिसरूड फुटलेला होतास. खिडकीचा पडदा सरकवून बघत होतास. मला दिसत होतास तू." तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. अण्णा म्हणजे माझे आजोबा. आणि खिडकी तीच, जिच्यातून ती आज कपडे घेते आणि देते. "शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या ओट्यावर बसवलं. अण्णांचा राग उतरल्यावर आईने मागच्या दाराने आत घेतलं."

बाबांनी चादर बाजूला केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कूस बदलली आणि तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मला वाटलं, तू वाचणार नाहीस," ते म्हणाले.

"वाचलं तर बोलावं लागेल, म्हणूनच वाचत नव्हते."

"मी आजही त्या खिडकीजवळ उभा राहू शकत नाही, ताई."

"माहीत आहे. कपड्याचा गठ्ठासुद्धा तू मला दारातून देतोस." तिने पुस्तक मिटलं. "बाकीचं आवडलं. खरंच आवडलं. हे नाही आवडलं. हे परत लिही."

"छापून झालं गं ते."

"मग दुसऱ्यात लिही."

बाबांनी दाराशी असलेल्या पोत्याकडे पाहिलं. मी सुतळीची गाठ सोडायला बसले. गाठ घट्ट होती, नखं दुखली. मागे बाबा उठून बसल्याचा, पलंग करकरल्याचा आवाज आला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ह्या घरात इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"त्या दिवशी तू का आलीस, ताई? काय झालं होतं तिकडे?"

आत्याने स्टूल पुढे ओढलं आणि सांगायला लागली.