चुन्याच्या रेषांतली खोली

आमच्या कॉलनीच्या मागं एक शेत उरलंय. उदगीर वाढत वाढत त्याच्या तिन्ही बाजूंनी पुढं निघून गेलं आणि ते तसंच राहिलं, पंगत उठली तरी पानावर बसून राहिलेल्या माणसासारखं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसतं. चहा उकळेपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहते आणि बरेचदा चहा उतू जातो. पोस्टातली नोकरी संपल्यापासून मला त्याचं काही वाटत नाही.

पावसाळा संपता संपता कळलं की मालकानं ते विकायला काढलंय आणि तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी घरं होणार आहेत. बैठी घरं, पुढं ओसरी, एक दवाखान्याची खोली, सगळ्यांचं मिळून एक जेवणघर. नकाशा नगरपालिकेत लावला होता, तो मी बघून आले. बाकीचे लोक रस्ता किती फुटी ते बघत होते, मी खिडकी कुठं आहे ते बघत होते. कोपऱ्यातल्या खोलीला पूर्वेकडं होती. तिच्यातून बांधावरची बोर दिसली असती. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तिथं राहायला गेले. देव लहान फळीवर मांडले, भांडी निम्मी करून टाकली, ओसरीत खुर्ची ठेवली. दुपारी डोळा लागला की मी त्या खुर्चीत बसलेली असायची.

ह्याला कारण होतं. हे गेल्यापासून मी एकटी आहे, आणि मागच्या उन्हाळ्यात न्हाणीघरात पडले तेव्हापासून पुण्यातल्या मुलाच्या डोळ्याला डोळा नाही. संक्रांत झाली की मला कायमचं घेऊन जायचं त्यानं ठरवून टाकलं होतं. मुलगा गुणाचा आहे, सून त्याहून गुणाची. पण त्यांच्या आठव्या मजल्यावर मला दिवस कळत नाही. खाली माणसं दिसतात, पण कोण कुणाचं ते कळत नाही. तिथं मी पाहुणी असते, आणि पाहुण्यानं किती राहावं हे मला चांगलं समजतं. हे त्याला मी कधी बोलले नव्हते. आमच्याकडं आया मुलांना असलं बोलत नाहीत.

कॉलनीनं मात्र त्या घरांना हरकत घेतली. शेजारचे भाऊजी सगळ्यांच्या पुढं. आपल्या दारात वृद्धाश्रम झाला तर लोक काय म्हणतील, हे हळू आवाजात. मोठ्या आवाजात म्हणायचं ते हे, की मग येळवशीला जायचं कुठं? आमच्या भागात मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला घरात कुणी थांबत नाही. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची खोपटासारखी कोप करून तिच्यात पूजा होते आणि तिथंच जेवणं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. आमच्या कॉलनीतल्या बहुतेकांच्या जमिनी केव्हाच गेल्या, म्हणून आम्ही ह्या मागच्या शेतात. भाऊजींचं म्हणणं खोटं नव्हतं. मला शेतही हवं होतं आणि खोलीही. दुपारच्या झोपेत ते जमायचं.

आणि माझ्या मुलानंही पुण्याहून हरकत पाठवली होती. मला ते भाऊजींनी सांगितलं, तेही कौतुकानं. मला राग आला, मग त्याच्यावर माया आली, मग पुन्हा राग आला.

हरकती ऐकून जागेची पाहणी करायला यायचे ते नगरपालिकेचे साहेब कोकणाकडून नवीनच बदलून आलेले. त्यांनी तारीख दिली ती नेमकी येळवशीची. कचेरीतल्या कुणी त्यांना सांगितलं कसं नाही? कचेरीतल्यांना वाटलं असणार, येळवस काय कुणाला सांगावी लागते? साहेब गाडीतून उतरले तेव्हा सबंध कॉलनी शेतात जेवायला बसलेली.

सोयाबीन निघालेल्या तुकड्यात आदल्याच दिवशी चुना टाकून घरं आखून ठेवली होती. पलीकडं हरभरा, ज्वारी, पिवळी करडई. बायकांनी सतरंज्या टाकल्या त्या थेट ह्या रेषांमध्येच. कुणाचं बिऱ्हाड दवाखान्यात, कुणाचं जेवणघरात, भाऊजींचं तर दोन खोल्यांच्या भिंतीवर. उन्हात चुना चमकत होता आणि सगळी माणसं अजून न बांधलेल्या घरांतून पालेभाज्या नि शेंगांची भज्जी वाढत फिरत होती. मी माझी सतरंजी कोपऱ्यातल्या खोलीत टाकली. पूर्वेला तोंड करून बसले. बोर खरंच दिसत होती.

साहेबांना कुणी उभं राहू देईना. त्यांना बसवलं, पुढं बाजरीचे उंडे आले, भज्जी आली, ताकातल्या आंबट अंबिलीचा तांब्या आला. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं, दुसरा त्यांनी मागून घेतला. भाऊजी हरकती सांगू लागले, पण वाढता वाढता भांडायचं म्हणजे अवघडच. त्यांचा सूर दर वाढपाला उतरत गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की जे इथं राहायला येणार, त्यांच्यातलं कुणी आहे का.

माझा मुलगा येळवशीसाठी सकाळच्या गाडीनं आला होता. तो म्हणाला, "आमच्यातलं कुणी नाही, साहेब. माझी आई माझ्याकडं येणार आहे."

माझ्या हातात पळी होती. ती मी भांड्यात ठेवली. आवाज पोस्टाच्या खिडकीवरचा निघाला.

"मला यायचंय हितं," मी म्हणाले. मग साहेबांकडं न बघता त्याच्याकडं बघून म्हणाले, "तुझ्यावर रुसून न्हाई बाबा. तुझ्याकडं मला लई सुख हाय. पण मला हितं राहायचंय."

तो उठून ज्वारीच्या कडेनं दूर चालत गेला. भाऊजींनी मान खाली घालून उंडा मोडला. साहेबांनी मालकाला बोलावून बोरीजवळचा कोपरा मोकळा सोडता येईल का, एवढं विचारलं आणि ते गेले. निर्णय अजून यायचाय.

ऊन उतरलं तशी मंडळी उठली. सतरंज्या झटकल्या गेल्या. पायांनी बऱ्याच रेषा पुसल्या होत्या, माझ्या खोलीच्या मात्र राहिल्या होत्या. मी बसूनच होते. आपण लेकराला चारचौघांत दुखवलं, एवढंच मनात होतं. डोळे भरले, ते मी पदरानं पुसले.

तेवढ्यात तो बांधावरून परत येताना दिसला. सरळ रेषा ओलांडून येता आलं असतं, पण तो वळसा घालून पुढच्या बाजूनं आला, जिथं नकाशात दार होतं तिथं. रेषेच्या बाहेर त्यानं चपला काढल्या, नीट बाजूला लावल्या, आणि उभा राहिला.

"आई, येऊ का आत?" त्यानं विचारलं.

मी सरकून त्याला जागा केली.