केशरबाईंच्या वर्गातले वाचन

हे ज्ञानदात्या नारायणा, तुला वंदून तिसगावच्या शिक्षिका केशरबाईंचे गुण गातो.

बाहत्तर साली त्यांची मुले एक परिच्छेद वाचत, पुस्तक मिटत आणि पोथीवर निरूपण करावे तसा अर्थ आपल्या शब्दांत सांगत. शेजारच्या वर्गावरचे सूर्यभान गुरुजी, गावच्या पोथीचे नामांकित वाचक, मत्सराने जळत.

"बाई, तुमची पोरं लई अडत्यात!"

"समजल्याबिगर पुढं जात न्हाईत, गुरुजी."

एके दिवशी गुरुजींची लेक छबूच बाईंच्या वर्गात जाऊन बसली. गुरुजी लालबुंद होऊन दारात आले.

"तुमच्यासारखा गळा मला न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमी वाचा, छबू अर्थ सांगंल."

गुरुजींनी वाचले, छबूने अर्थ सांगितला. ती बाईंकडे कौतुकाने पाही तेव्हा गुरुजींच्या पोटात दुखे. तरी ते रोज वाचायला येत.

नारायणा, केशरबाईंना उदंड आयुष्य दे, त्यांच्या घरादारात सुख नांदू दे.