सासूबाईंचा फोटो आणि लिस्टिंग फेल

फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो नसतो. हे कोणी मला लग्नाआधी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्या सानगडीच्या दुकानात भिंतभर नवऱ्या आणि नवरदेव आहेत, बारशाची लेकरं आहेत, निवडून आलेले आणि पडलेले असे दोन्ही प्रकारचे उमेदवार आहेत. पण सासूबाईंचा पहिला स्मृतिदिन जवळ आला, मोठा फोटो करू म्हणून शोधायला बसलो, तर काय? आधार कार्डावरचा एक. त्यात त्या कोणाला तरी मारायला निघाल्यासारख्या दिसतात. बाकी सगळीकडे कोपर, पदर नाहीतर पाठ. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर लोकांचे फोटो काढत राहिले आणि सासूबाई जन्मभर बाजूला उजेडाची पांढरी छत्री धरून उभ्या राहिल्या. छत्रीचे फोटो मात्र भरपूर निघाले.

मग आमच्या ह्यांनी जुन्या हार्डडिस्क उपसल्या. आसगावच्या एका लग्नातली पंगत होती. मधोमध नवरदेवाचा मामा लाडू खातोय आणि त्याच्या मागेच कोपऱ्यात, वरणाची बादली हातात घेऊन, सासूबाई हसतायत. तोंड भरून. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, पण त्यांना असं हसताना मी क्वचित पाहिलं होतं. फोटो मामाजींनीच काढला होता आणि ही मागे उभी आहे हे त्यांना तेव्हा दिसलंसुद्धा नव्हतं.

मामाजींनी चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला. "हाच," म्हणाले. "हाच मोठा कर बाई. फ्लेक्स नाई पाहिजे मले. नागपूरच्या लॅबमंधून, चांगल्या कागदावर."

दुकानात अल्बम लावायचं काम माझं. मी सासूबाईंना कापून वेगळं काढलं, उजेड सारखा केला. नवरदेवाच्या मामाला पुसून टाकलं, पण त्याचा एक कान सासूबाईंच्या खांद्यावर चिकटून राहिला होता, तो काही केल्या जाईना. त्या कानात माझी अर्धी सकाळ गेली. वार शुक्रवार. रविवारी कार्यक्रम. लॅबवाल्यांचं साफ सांगणं होतं की चार वाजेपर्यंत फाइल आली तर शनिवारच्या गाडीनं प्रिंट येईल, नाहीतर सोमवार. सोमवारी फोटो घेऊन काय करायचं होतं आम्हाला?

लॅबला फाइल पाठवायचं एक सॉफ्टवेअर आहे. डावीकडे आपला कॉम्प्युटर दिसतो, उजवीकडे नागपूरच्या मशीनवरचं आपल्या दुकानाचं फोल्डर. डावीकडून उचलायचं, उजवीकडे सोडायचं. मधला रस्ता कुलूपबंद, म्हणजे लोकांच्या लेकीसुनांचे फोटो भलत्याच्या हाती लागत नाहीत. रोजचं काम. मी चहा ठेवून पाठवते आणि चहा उतू जायच्या आत पाठवून होतं.

त्या दिवशी हिरव्या अक्षरात आलं की कनेक्ट झालं. पासवर्डही बरोबर. मग लाल अक्षरात आलं, डिरेक्टरी लिस्टिंग फेल. आणि उजवी बाजू पांढरी फट्ट. म्हणजे काय, तर दार उघडलं, या म्हणाले, पण आत काय काय ठेवलंय ते सांगायला मशीन तयार नाही. आणि आतलं दिसल्याशिवाय तिथे काही ठेवताही येत नाही.

"काय झालं?" मामाजी खुर्चीतून.

"यादी देऊन नाही राहिलं, मामाजी."

"यादी कायले पाहिजे? आपन काय किराना घ्याले गेलो काय? फोटो दे न् मोकळी हो."

आमच्या ह्यांच्याकडे कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे, रिफ्रेश. माझ्या खांद्यावरून हात घालून ते रिफ्रेश दाबत राहिले. लाल अक्षरं एकाखाली एक वाढत गेली. मग त्यांनी राउटर बंद करून चालू केला, मग तो उचलून खिडकीत नेऊन धरला, जसं काही त्याला हवा पाहिजे होती. मी म्हटलं, "अहो, नेट आहे! कनेक्ट होऊन राहिलं! नेट नसतं तर दारच नसतं ना उघडलं!" तर म्हणतात, "पण धरून पाहायले काय जाते?"

व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हणाल, तर व्हॉट्सअॅप फोटोला पिळून काढतं. कोपऱ्यातून कापलेला एवढासा चेहरा, तो आणखी पिळला तर सासूबाई कुठल्या आणि बादली कुठली हे कळलं नसतं. मेलमध्ये फाइल मावेना. आणि लॅबचं मशीन त्या फोल्डरशिवाय कुठूनच काही घेत नाही.

तेवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी एक गिऱ्हाईक आलं. त्यानं पाच मिनिटं उभं राहून आमचा तमाशा पाहिला आणि म्हणाला, "नजर लागली असन मशीनले. लिंबू बांधा."

झालं. मामाजी ताडकन उठून बसले. आमचं बौद्ध घर. लिंबू-मिरचीचं नाव काढलं की मामाजींचा रक्तदाब वाढतो. "नजर-फजर काई नसते! जे होते त्याले कारन असते. कारन शोधा, ते काढा, मंग दुख जाते. भगवान बुद्धानं काय सांगतलं?" त्या बिचाऱ्याला स्टुलावर बसवून मामाजींनी कारण म्हणजे काय ते असं समजावलं की तो फोटोत रडवेला आला. जाताना तो हळूच म्हणाला, "काकाजी, मीनं तं असंच म्हटलं होतं."

मी लॅबला फोन लावला. तिथला मदतीचा माणूस नागपुरी हिंदीत बोलतो, भला आहे, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबून काहीतरी खातो. "मॅडम, पॅसिव्ह मोड करके देखो." या अॅक्टिव्ह-पॅसिव्हचा अर्थ मी इतक्या वर्षांत एवढाच लावलाय की यादी सांगायला कोण कोणाला फोन लावणार, त्यांनी आपल्याला की आपण त्यांना. केलं पॅसिव्ह. फेल. केलं अॅक्टिव्ह. फेल. "फायरवॉल बंद करके देखो." केलं. फेल. "मोबाइल के नेट से देखो." ह्यांचा फोन जोडला. फेल, आणि वर ह्यांचे मित्र फोन करून करून क्रिकेटचा स्कोअर सांगायला लागले. "सॉफ्टवेअर निकालके फिरसे डालो." काढलं, परत टाकलं. नवंकोरं सॉफ्टवेअर, नवीकोरी लाल अक्षरं.

"कारन शोधा," मामाजी मागून. "कारनाबिगर पानबी हालत नाई."

"मामाजी, शोधूनच राहिलो ना!" मी जरा चढ्या आवाजातच बोलले. माझा स्वभाव तसा आहे आणि त्या दिवशी तर तीन वाजत आले होते.

ह्यांनी हेल्मेट घातलं. पेनड्राइव्ह घेऊन मी नागपूरला निघतो म्हणाले. म्हटलं, अहो, चार वाजेपर्यंत तुम्ही फार तर भंडाऱ्याला पोचाल, तिथून काय ओरडून सांगणार? मग ते हेल्मेट घालूनच दुकानात येरझारा घालू लागले.

फोन स्पीकरवर टाकलेला होता. तिकडची खाण्याची कुरकुर थांबली. "मॅडम, एक बात बताऊँ? बाकी सब स्टुडिओ का चल रहा है. सिर्फ आपके फोल्डर में जाते ही मशीन अटक रही है. आज आपके फोल्डर में किसीने कुछ नया बनाया क्या?"

"कुणी नाही," मी ठामपणे म्हटलं. "हमारे यहाँ कॉम्प्युटर को मेरे सिवाय कोई हात नहीं लगाता."

मागे मामाजींची खुर्ची करकरली.

"कॉम्पुटरले नाई लावला," मामाजी म्हणाले. "फोनवरून केलं."

मी खुर्ची गर्रकन फिरवली. "काय केलं, मामाजी?"

"फोल्डर बनवलं ना. तिच्या फोटोसाठी. सकाळी आंघोळ करून."

ते सॉफ्टवेअर ह्यांनी त्यांच्याही फोनवर टाकून दिलं होतं, हे मी विसरूनच गेले होते. मामाजी कुठलंही काम सुरू करताना आधी वर नमो बुद्धाय लिहितात. वहीत लिहितात, अल्बमच्या पहिल्या पानावर लिहितात, किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा लिहितात आणि खाली तूरडाळ. लग्नपत्रिकेवर असतात तशा दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा देऊन लिहितात. फोनवर त्यांना ती मराठीतली उभी रेघ, म्हणजे दंड, सापडेना. मग त्यांनी चिन्हांचं पान उघडून, चष्मा कपाळावर चढवून, इंग्रजीतली सरळ उभी रेघ हुडकून काढली. दोन इकडे, दोन तिकडे. "सारकं जमलं," ते म्हणाले. "मंग फोनवर काई दिसेना. मले वाटलं नेट गेलं."

मी नागपूरला सगळं सांगितलं. तो माणूस हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, नावाची काही अडचण नाही, नाव चालतं. पण ती उभी रेघ आमच्या मशीनला हुकूम वाटते. तिचा अर्थ, हातातलं काम पुढच्याला दे. आता नावातच रेघा, तर मशीन यादी वाचायला घेते, रेघ लागली की पुढच्याला द्यायला बघते आणि पुढे तर कोणीच नाही. म्हणून सगळंच टाकून देते.

आणि मग मात्र माझा ताबा सुटला. दुपारभर कारण शोधा, कारण शोधा! "बाप्पा, मामाजी! कारन म्हणजे तुम्हीच निघाले की हो!"

रागावले असते तर बरं झालं असतं. हातातला फोन त्यांनी हळूच टेबलावर पालथा ठेवला. "म्हंजे माह्यामुळं तिचा फोटो अडला?" म्हणाले. "तिचं काम हाये म्हणून म्हटलं, नीट सुरू करू."

एवढा मोठा माणूस, सकाळी आंघोळ करून, एका फोल्डरसाठी चिन्हं हुडकत बसला होता आणि मी त्याच्यावर खेकसले. ह्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

"डिलीट कर दूँ?" फोनमधून आवाज आला.

"नाई!" मामाजी एकदम म्हणाले. "पुसू नको म्हण त्याले. नाव पुसू नको."

"नहीं पोछता काका. सिर्फ डंडे निकालता हूँ. नाम रहने देता हूँ."

चार-दोन क्षण काहीच झालं नाही. मग ह्यांनी रिफ्रेश दाबलं आणि, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यांचं औषध लागू पडलं. उजवी बाजू भरून आली. सगळ्यात वर नमो बुद्धाय, साधं, बिनरेघांचं, आणि खाली आमची सगळी लग्नं. मी सासूबाईंना उचललं आणि त्या पहिल्या फोल्डरमध्ये सोडलं. पट्टी सरकायला लागली. चार वाजायच्या थोडं आधी पलीकडून आवाज आला, "आ गया." ह्यांनी हेल्मेट काढलं. केस पूर्ण चिकटले होते.

शनिवारी संध्याकाळी हे साकोलीला जाऊन नागपूरच्या गाडीतून प्रिंट घेऊन आले. मी गुंडाळी सोडली आणि सासूबाई टेबलभर पसरल्या. बादलीची कडीसुद्धा दिसत होती. मामाजींनी फ्रेम स्वतः बसवली, कोणाला हात लावू दिला नाही.

रविवारी सकाळी समोरच्या खोलीत फोटो ठेवला, फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. मामाजी फोटोसमोर बराच वेळ उभे होते. मग दोन पावलं डावीकडे सरकले, पाहिलं, मान हलवली. मग उजवीकडे. फोटोत सासूबाई सरळ पाहतच नाहीत, कारण त्या दिवशी त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं, बाजूच्या पंगतीत कोणाकडे तरी होतं. सरकत सरकत मामाजी पार दाराजवळ गेले, तिथे थांबले आणि मला म्हणाले, "बाई, माही खुर्ची इकडं आन."

पाहुणे आले, वंदना झाली, भाषणं झाली. जो येई तो म्हणे, काकाजी, दारात काहून बसले, समोर या ना. चपलांच्या ढिगाशेजारी मामाजी हलले नाहीत.

"राहू द्या," ते म्हणाले. "इथून पाह्यलं तं ती माह्याकडं पाहून हासते."